तीन किलो पितळ

"साडेबेचाळीस," काट्यावर वाकलेले डॉक्टर म्हणाले. "मागच्या सोमवारी होतं तेवढंच, वहिनी."

"बघू मला," म्हणत इन्स्पेक्टरने डॉक्टरांना जवळजवळ बाजूलाच ढकललं. काटा खरंच साडेबेचाळीसवर होता. त्यावर त्याची बायको भिंतीला हात टेकून, सैल गाऊन सावरत उभी होती.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "का पंचनामा करताय?"

तीस वर्षं त्याने वजनमापे खात्यात काढली होती. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेली वजनं, काट्याला हळूच टेकणारी दुकानदाराची करंगळी, सगळं त्याने पकडलं होतं. आपल्याला कुणी शेंडी लावू शकत नाही, अशी त्याची खात्री होती. आणि आता त्याच्याच घरात, त्याच्याच डोळ्यांसमोर, पाच सोमवार हा काटा बेचाळीसच्या खाली उतरायला तयार नव्हता. बायकोच्या घड्याळाच्या पट्ट्याला मात्र त्याने स्वतः दाभणाने दोन नवी भोकं पाडली होती. पट्टा खोटं बोलत नाही. मग बोलतंय कोण?

डॉक्टर. दुसरं कोण!

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरने सरळ सांगितलं होतं, "वजन चाळीसच्या खाली गेलं की घेऊन या. ॲडमिट करू, नळीने अन्न देऊ." इन्स्पेक्टरने मान डोलावली होती. आकडा कळतो त्याला. बायको नको म्हणत होती, पण तिचं कोण ऐकतंय? आधीच्या खेपेला अकरा दिवस तिचे दोन्ही हात पलंगाच्या कठड्याला पट्ट्यांनी बांधून ठेवले होते. का, तर म्हणे नळी उपसते. माणूस नाकातून घशात खुपसलेली नळी उपसणार नाही तर काय तिचे मुके घेणार? पण तेव्हा इन्स्पेक्टरनेच कागदावर सही केली होती. वाचून. नियम म्हणजे नियम.

आणि हे घरचे डॉक्टर! पोटात गाठ वाढत होती आणि हे तीन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या देत बसले होते. ती पुन्हा हॉस्पिटलात गेली की तिथे जुनी चिठ्ठीचपाटी निघणार, यांचं बिंग फुटणार. म्हणून हा घरीच ठेवण्याचा आग्रह. काटाही स्वतःचा आणतात आणि स्वतःच घेऊन जातात. आला की नाही वास?

"काटा ठेवून जा," इन्स्पेक्टर म्हणाला.

डॉक्टर थबकले. "दवाखान्यात लागतो हो, साहेब."

"तासाभरात आणून देतो. का, अडचण आहे?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलंच नाही, बायकोकडे बघितलं. ती पलंगावर टेकली होती. "ठेवा हो, डॉक्टर," ती डोळे मिटून म्हणाली. "नाहीतर त्यांना जेवण जायचं नाही."

डॉक्टर गेल्याबरोबर इन्स्पेक्टरने कपाटातून लाकडी पेटी काढली. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी दिलेला पितळी वजनांचा संच. हिरव्या कापडाचा एकेक खण, त्यात एकेक वजन, ग्रॅमभराचाही फरक नाही. आता दाखवतो म्हणत त्याने झाकण उघडलं.

दोन खणांत मोजे होते. गुंडाळी करून नीट बसवलेले. महिनाभर तो ज्यासाठी घर डोक्यावर घेत होता तोच करड्या मोज्यांचा जोड. एकाच्या जागी किलोचं वजन असायला हवं होतं, दुसऱ्याच्या जागी दोन किलोचं.

तरीही त्याने पाच किलोचं वजन उचलून काट्यावर ठेवलं. पाच. अर्धा किलो वाढवला. साडेपाच. काटा गायीसारखा गरीब आणि खरा होता.

तो जमिनीवर बसून राहिला. आधी किलो घेतला असेल, मग दोनाचं, मग दोन्ही. साडेबेचाळीस वजा तीन. एवढी वजाबाकी करायला त्याला कधी इतका वेळ लागला नव्हता.

काटा बगलेत मारून तो दवाखान्यात शिरला. बाकावर पेशंट होते, त्यांना न जुमानता सरळ आत. "तुम्हाला माहीत होतं."

"पोट तपासतो मी," डॉक्टर म्हणाले. "कमरेला पितळ बांधलेलं हाताला लागतं, साहेब."

"आणि गप्प बसलात?"

"दर सोमवारी सांगणार होतो. वहिनी म्हणाल्या, यांना सांगितलंत तर या वेळी माझे हात तुम्ही बांधलेत असं समजेन."

इन्स्पेक्टरने काटा टेबलावर आपटला. मग म्हणाला, "आणि त्या गोळ्या? तीन महिने?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ते चुकलं माझं." मग म्हणाले, "हॉस्पिटलात नेलंत तर दोन महिने काढतील कदाचित. इथे एखादा. पण दुखू देणार नाही, हे मी सांगतो. ठरवा तुम्ही."

त्यांच्यावर विश्वास ठेवावा का, हे इन्स्पेक्टरला तेव्हाही कळलं नाही. घरी येऊन त्याने बायकोला काही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. आठवडाभर दोघं एकमेकांकडे चोरासारखे बघत राहिले.

पुढच्या सोमवारी डॉक्टरांनी काटा मांडला. ती उठली, डुलली. इन्स्पेक्टरने तिला कोपराला धरून वर चढवलं. डॉक्टर वाकणार तोच त्याने त्यांना हाताने थांबवलं आणि स्वतः वाकला. पितळासकट चाळीस भरत होते.

"साडेबेचाळीस," तो मोठ्याने म्हणाला.

डॉक्टरांनी वाकून बघितलं नाही.

"नीट बघितलंत ना?" बायकोने विचारलं.

"तीस वर्षं काय गवत उपटत होतो?" मग डॉक्टरांकडे न बघता, "पुढच्या वेळी काट्याचा हा डबा आणू नका. जागा अडते."

थोड्या वेळाने मुलीचा फोन आला. "बाबा, वजन किती? खरं सांगा."

"साडेबेचाळीस. मी स्वतः बघितलं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. बाप वजनात खोटं बोलत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

त्याने फोन ठेवला. "अहो, इकडे या," आतून हाक आली. बायकोने गाऊनखालून कापडी पिशवी काढली होती आणि दोन्ही हातांनी पुढे धरली होती.

"घ्या तुमचं. जड होतंय आता."

पेटी उघडून त्याने मोजे बाहेर काढले. किलोचं वजन खणात बसवलं. दोनाचं हातात घेतलं आणि थांबला. पितळ नेहमी गार लागतं. हे कोमट होतं.

ते गार होईपर्यंत तो वजन तळहातात घेऊन तिच्या उशाशी बसून राहिला.