गोधडीचा आतला थर

सुई अडत होती. आईचं लुगडं मी माझ्या हाताने आत अंथरलं होतं, एक्क्याण्णव वर्षं जगलेल्या बाईचं, सायीसारखं मऊ. त्यातून सुई अशी अडत नाही.

समोर, गोधडीच्या दुसऱ्या टोकाला, मथुरा टाके घालत होती. तिच्या लेकीला, अक्षयाला, मुलगी झालीय. सासर चिपळूणजवळच्या सावर्ड्याचं, रविवारी बारसं. बाळाची गोधडी म्हणजे केवढीशी, दोन हात लांब. लुगडं मथुरानेच मागितलं होतं. म्हाताऱ्या बाईचं लुगडं घातलं की तिचं आयुष्य बाळाला लागतं, म्हणाली. मी असलं काही मानत नाही, पण दिलं.

आम्ही बौद्ध, ती कुणबी. नाचणे रोडच्या चाळीत नऊ वर्षं दाराला दार आहे. माझ्या हातचं बांगड्याचं तिखलं ती बोटं चाटून खाते. तरी या नऊ वर्षांत तिच्यावर नजर ठेवायची मी सोडलेली नाही. ही सवय आम्हाला कुणी लावली ते मला विचारू नका.

सोमवारी आम्ही थर लावले. तळाला चादर, मधे लुगडं, वर रंगीत तुकडे. हलू नयेत म्हणून मी निळ्या दोऱ्याने कच्चे टाके घातले. मग ती म्हणाली, तुझं मांजर यावर लोळेल, मी घरी नेऊन ठेवते. बुधवारी परत आणली, तर कच्चा दोरा पांढरा.

"मथुरे, माझा निळा दोरा कुठे गेला?"

तुटत होता म्हणून बदलला, म्हणाली. नवं रीळ होतं ते, परवाच आणलेलं. मी ब्लेड घेतलं आणि तिच्या डोळ्यांसमोर कोपऱ्याचे चार टाके उसवले. आत पडद्याचं जाड कापड. लुगडं नव्हतं.

मग तिने हळूहळू सांगितलं. विहिणीचा फोन आला होता, गोधडीत कुणाकुणाच्या घरची कापडं घातलीत म्हणून.

"मग काय सांगितलंस?"

"माझ्या आईचं लुगडं आहे बोलले."

"एवढं खोटं बोललीस, मग काढलंस कशाला? लुगडं काय तोंड उघडणार होतं?"

"अक्षयाला ठाऊक आहे ना गो. तिला खोटं बोलता येत नाय. तिला त्या घरात दिवस काढायचेत, कमल, तुला मला नाय."

हे खरंच होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. लुगडं कुठे आहे विचारलं. कपाटात, धुऊन घडी करून ठेवलंय, म्हणाली.

"धुऊन? मी धुऊनच दिलं होतं."

नऊ वर्षांत मला जे कळत नव्हतं ते तिथे कळलं. कदाचित तिलाही तेव्हाच कळलं असेल, कारण तिचा चेहरा उतरला.

मी म्हटलं, आयुष्य माझ्या आईचं हवं आणि नाव तुझ्या आईचं, असं चालायचं नाही. एक तर लुगडं घेऊन ये, नाहीतर गोधडी उचल आणि परत माझी पायरी चढू नकोस.

ती उठून गेली. येत नाही असंच मी धरून चालले होते. आली, लुगडं घेऊन. पडदा तिने स्वतः ओढून काढला, लुगडं अंथरलं, कोपरे धरले. मी मात्र या वेळी गोधडी तिच्या घरी जाऊ दिली नाही. ना जेवण, ना चहा, दोघी दोन बाजूंनी शिवत राहिलो. मी टाके मुद्दाम बारीक घातले, बोटाएवढी जागा मोकळी सोडली नाही. दिवेलागणीला शेवटची गाठ मारली.

"आता काढायचं तर गोधडी फाडावी लागेल," मी म्हटलं.

"नाय काढत," ती म्हणाली.

तिने गोधडी काखेत घेतली, चपला घातल्या. तेव्हा मी विचारलं, बारशाला मी येऊ का. ती चपलेचा पट्टा बराच वेळ लावत होती. मग म्हणाली, "फोन करते तुला."

दार तिचं समोरच आहे, फोन कशाला लागतो?

गुरुवारी फोन आला नाही, शुक्रवारीही नाही. शनिवारी सकाळी मी स्टँडवर गेले आणि रविवारच्या पहिल्या चिपळूण गाडीची वेळ विचारून आले.