दोष क्रमांक तीन

पहिला दोष : सत्तेचाळिसाव्या पानावर स्वल्पविराम चुकला आहे.

दुसरा दोष : संदर्भसूचीत दोन सालं उलटसुलट झाली आहेत.

तिसरा

इथे आयझिरेकचा हात थांबला.

अहवाल परीक्षकांचा, पण लिहीत होती ती. बिश्केकच्या या गणित विभागात पहिल्यापासून असंच. उमेदवारानंच आपल्या प्रबंधाची स्तुती लिहायची, किरकोळ दोष काढायचे, शेवटी ठरलेलं वाक्य टाकायचं आणि परीक्षकांकडे सहीला पाठवायचं. स्तुती तिनं तासाभरात उरकली होती. वय बेचाळीस, प्रबंधाला नऊ वर्षं. शब्द शोधावे लागले नाहीत.

पण काल तिला चौथ्या प्रमेयाला खोटं पाडणारं एक उदाहरण सापडलं होतं. तीनच ओळींचं. प्रमेय तिच्या मार्गदर्शकांचं, काल्मुर्झा आगायांचं, म्हणजे सरांचं, पस्तीस वर्षांपूर्वी त्यांच्याच प्रबंधातलं. सिद्धतेत एके ठिकाणी ‘हे उघडच आहे’ असं होतं. ते उघड नव्हतं. तिची शेवटची दोन प्रकरणं त्यावरच उभी होती.

ती उठून त्यांच्या खोलीत गेली. खिडकीबाहेर कोळशाच्या धुरात समोरची इमारत बुडाली होती.

“आगाय, हे बघा ना जरा.”

त्यांनी कागदावर नजर टाकली. चहाचा एक घोट घेतला.

“तुझं सादरीकरण कधी?”

“शुक्रवारी. परवा.”

“मग शुक्रवार जाऊ दे, पोरी.”

“पण हे चुकीचं आहे!”

“जेवणाला मेंढी सांगितलीयस ना? आई ओशहून निघालीय ना? मग?” कागद त्यांनी उलटा करून परत दिला.

ती जागेवर येऊन बसली. लिहिलं :

तिसरा दोष : चौथं प्रमेय खोटं आहे. उदाहरण पुढे दिलं आहे. शेवटची दोन प्रकरणं टिकत नाहीत.

वरील दोषांमुळे प्रबंधाचं मोल कमी होत नाही.

पाठवून दिलं. परीक्षक वाचतील, फोन करतील, शुक्रवार रद्द होईल. तोंडानं सांगायची हिंमत तिच्यात नव्हती. दुसऱ्या कुणीतरी थांबवावं, एवढंच हवं होतं.

दुपारीच अहवाल सही होऊन आला.

“नशीब काढलंस गं!” विभागाच्या कारकून बुरुलचाबाई म्हणाल्या. “एरवी महिना महिना लोळत पडतो यांच्या टेबलावर.”

शुक्रवार.

परीक्षकांनी चष्मा चढवला आणि एका सुरात वाचत गेले. स्वल्पविराम. दोन सालं. चौथं प्रमेय खोटं आहे. तीन ओळींचं उदाहरण. मोल कमी होत नाही. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

“दोष मान्य?” अध्यक्षांनी विचारलं.

“मान्य.” ती थांबली. सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. “तिसराही मान्य आहे.”

“अहो बाई, आभार मानायचे असतात इथं. जेवण थंड होतंय!” अध्यक्ष म्हणाले.

हशा पिकला.

“आभारी आहे,” आयझिरेक म्हणाली.

गुप्त मतदान. चौदा विरुद्ध शून्य.

लोक जिन्याकडे धावले. आगाय भिंतीशी कोटाची बटणं लावत उभे होते.

“ऐकलंत?” तिनं विचारलं.

“ऐकलं की.” एक बटण काही केल्या लागेना. “माझ्या वेळी पाच दोष लिहावे लागत. हेच मी पाचव्यात घातलं होतं.”

तिनं पुढे होऊन ते बटण लावून दिलं.

“चल,” ते म्हणाले. “लोक ताटकळलेत.”