टायर बसेपर्यंत

थांबव.

सासू म्हणाल्या तसा पल्लवीनं मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवला. हिंदीत बोलणारा माणूस हात वर केलेला तसाच राहिला. त्याचं शेवटचं वाक्य होतं : पहले बीड तोडो.

"बीड काहून तोडून राहिला त्यो?" सासू जनकाबाई म्हणाल्या. "माही धाकली बहीण दिली हाय तिथं."

बीड म्हणजे टायरची आतली कडक कडा, लोखंडी रिंगला घट्ट धरून बसलेली. ती आधी सोडवायची, असं पल्लवीनं समजावलं. मग बहीण अन् ही कडा एकाच वाणाच्या, असं जनकाबाईंचं मत पडलं. माहेरी बोलावलं तरी सुटत नाही.

मागं घे.

अजून मागं. गेल्या वर्षी मळणीयंत्रात पल्लवीचा डावा पाय गेला, गुडघ्याखालचा. नवा पाय मिळाला, पण शेतातल्या ढेकळांत तो टिकत नाही. नवरा रत्नपाल पुण्यात कामाला. गेल्या हंगामात तिची हळद दीर भीमराजनं काढली, उकडली, वाळवली. चांगली केली. करताना एकच म्हणायचा : वहिनी, तुमी घरी बसा.

बसा. माया होती त्यात. म्हणूनच उलट बोलता येत नव्हतं.

मग नांदेडकडचं एक फिरायचं गार्डन बंद पडलं आणि तिथली चार जाड चाकांची बाईक तिनं आणली. हाताच्या अंगठ्यानं चालते, ब्रेकही हातात. पुसेगावात त्या बाईकचं नाव पडलं बेडूक. बेडकावर बसून तिनं या वर्षी हळदीला पाणी दिलं, खुरपणीवर नजर ठेवली. उद्या शेतात हळद उकडायला सुरुवात, आणि तीही आपण करणार असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

काल बाभळीच्या खुंटानं मागच्या टायरची बाजू फाडली. नवा टायर घरात होता. पंक्चरवाल्यानं चाक हातात घेतलं, फिरवलं, परत दिलं. असलं बुटकं-जाड त्याच्या मशीनवर बसत नव्हतं.

लाव.

व्हॉल्व्हची पिन काढली. चाक गोठ्यात आडवं टाकलं. रिंगच्या अगदी शेजारी, टायरवर, लाकडाचा ठोकळा उभा केला. ठोकळ्यावर बैलगाडीची जुनी दांडी. तिचं एक टोक गोठ्याच्या खांबाला, मेढीला, बुडाशी आवळून बांधलेलं, दुसरं मोकळं. पल्लवीनं मोकळ्या टोकावर जोर दिला. काही नाही. साबणाचं पाणी ओतलं. काही नाही.

जनकाबाईंनी लुगडं सावरलं आणि दांडीवर बसल्या.

थप्प.

"तुटलं बीड," त्या म्हणाल्या. "बहिणीला कळवायला पायजे."

दुसरी बाजू तशीच. मग कडेखाली दोन लोखंडी टॉमी घालून जुना टायर ओढून काढला, नवा घातला. हवा भरायच्या वेळी

नेट गेलं. मोबाइलवर नुसतं गोल फिरत राहिलं.

बॅटरीचा छोटा पंप घरघरत होता, पण हवा कडेकडेनं निसटत होती. कडा रिंगपर्यंत पोचतच नव्हती. पल्लवी बघत राहिली. टायर मधून दाबला तर बाजू बाहेर सरकतील. कडब्याचा भारा आवळतात तसा तिनं टायरच्या घेराला मधोमध दोर बांधला, त्यात काठी घालून पीळ दिला. सासूनं काठी धरली. पंप लावला.

फट्. थोड्यानं पुन्हा फट्.

बसला.

मागं घे.

हे कोणी म्हटलं नाही. चाक बेडकाला लावल्यावर पल्लवीला दिसलं, दुसऱ्या चाकाच्या नक्षीची टोकं पुढं होती, याची मागं. टायर उलटा बसला होता. आता पुन्हा सगळं सोडायचं. पल्लवीनं चाक उतरवलं, हवा सोडली. जनकाबाईंची कंबर धरली होती. त्या मेढीला टेकून उभ्या.

तेवढ्यात भीमराज आला. उद्याची मजुरं ठरवायला. उतरवलेलं चाक, साबणाचा फेस, दोर, सगळं त्यानं बघितलं.

"र्‍हाऊ द्या वहिनी," तो म्हणाला. "सकाळी मी जातो शेतात. तुमी"

पुढचा शब्द यायच्या आत पल्लवीनं ठोकळा उभा केला, दांडी ठेवली. या वेळी काय कुठं लावायचं ते हातांना माहीत होतं.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी बसा."

"कुठं?"

"दांडीवर. तुमचं वजन बराबर हाय."

भीमराजनं आईकडं बघितलं. जनकाबाईंनी मानेनं दांडी दाखवली. तो बसला.

थप्प.

"हे काय तुटलं?" तो दचकून म्हणाला.

"बीड," जनकाबाई म्हणाल्या. "उठू नको. अजून एक बाजू हाय."

पल्लवीनं चाक उलटं केलं. भीमराज दांडीवर बसून राहिला, आणि मजुरांना किती वाजता बोलवायचं ते त्यानं तिलाच विचारलं.