निळ्या खडूचं शेततळं

मी एक जुना गुंडाळफळा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी जळकुटा आहे. इतर वस्तू आपली कहाणी सांगताना गोड बोलतात. मला ते जमत नाही.

काळं रेक्झिन आणि वरखाली दोन लाकडी दांडे, एवढाच माझा देह. शाळेच्या भिंतीवरच्या फळ्याला पोपडे सुटले, तेव्हा कालिंदीबाईंनी मला शहरातल्या दुकानातून आणलं. बाई राहायच्या शहरातच, पुंडलिकनगरात; शाळा करमाडच्या पुढं एका वस्तीवर. शाळेला धड कुलूप नव्हतं. म्हणून बाई मला रोज गुंडाळून स्कुटीवर पायांपाशी उभा करायच्या आणि घरी न्यायच्या. वर्गातल्या कोणत्याही वस्तूला हा मान नव्हता.

जालना रोडच्या दोन्ही बाजूंना बाजरी जाऊन प्लॉटिंगचे बोर्ड उगवले, ते मी स्कुटीवरूनच पाहिलं.

२०१३चा दुष्काळ हा माझ्या वैभवाचा काळ. बाईंनी माझ्यावर गणित घातलं : बारा हजार लिटरचा टँकर, साठ घरं, घरटी किती पाणी? उत्तर आलं दोनशे लिटर, म्हणजे दहा हंडे.

सुदर्शन नावाचा पोरगा उठला. "बाई, उत्तर चुकलं. आमच्या घरी चारच हंडे येत्यात."

"भागाकार बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मग पाणी कुठं जातं?"

संध्याकाळपर्यंत प्रत्येक घरात हेच गणित गेलं. दुसऱ्या दिवशी सरपंच अप्पाराव वर्गाच्या दारात. "बाई, फळा पुसा."

"पुसते की. पण पोरांच्या वह्यांतलं कोण पुसणार?"

त्या दिवसापासून टँकर अप्पारावांच्या वाड्यामागं न जाता चौकात उभा राहू लागला. सगळे बाईंचं कौतुक करत होते. मी मात्र समजत होतो, ते माझंच आहे.

अकरा वर्षांनी पुन्हा दुष्काळ आला, आणि त्याच उन्हाळ्यात माझी सवत आली. डिजिटल फळा! अप्पाराव आता सरपंच राहिले नव्हते, मोठे पुढारी झाले होते. त्यांनीच तो दिला. हार घातला, नारळ फोडला, दाराला नवं कुलूप आलं. तो सुरू केला की आधी अप्पारावांचा हात जोडलेला फोटो यायचा, मग बाराखडी.

आता मला घरी न्यायची गरज उरली नाही. बाई मोकळ्या पायांनी स्कुटीवर जाऊ लागल्या. आणि त्या काचेवर धूळ बसू नये म्हणून झाकायला काय वापरलं? मला! ज्याच्यावर जळायचं, त्याचंच पांघरूण झालो.

एके दिवशी बाईंनी मला वर गुंडाळलं आणि मोबाइलचं नेट जोडून पोरांना आभाळातून वस्ती दाखवली. पोरं नाचायला लागली. "ते बघ माझं घर! ते बघ शाळा!" चौथीतली सायली पुढं गेली आणि तिनं काचेवर दोन बोटं ताणली. चित्र मोठं झालं.

"बाई, आपल्या कोरड्या विहिरीशेजारी हे निळं काय हाये?"

"अप्पाराव काकांचं शेततळं!" सगळा वर्ग ओरडला.

"फोटो जुना असेल गं."

"नाय बाई, आजबी भरलंय. आमी टँकरची वाट बघतो अन् तिथं कावळे आंघोळ करत्यात."

माझं काळीज जळालं, मित्रांनो. तळं भरलेलं होतं म्हणून नाही. ते दाखवणारा मी नव्हतो म्हणून.

दुसऱ्याच दिवशी अप्पाराव दोन माणसं घेऊन आले. "बाई, मशीन बिघडलंय. दुरुस्तीला नेतो."

"चांगलं चालतंय की."

"मी दिलंय नं? मग बिघडलं कवा, ते मीच ठरवणार. अन् तुमची बदली बी लई वर्सं राहिली, व्हय ना?"

बोल्ट काढले, सवत गेली. मला आनंद झाला. लाज वाटली नाही.

बाईंनी मला खिळ्याला टांगलं. मग निळा खडू उचलला. घरं, विहीर, शेततळं, सगळं आठवून काढलं.

"बाई, त्या फळ्यावर बोटं ताणली की मोठं व्हायचं," सायली कुरकुरली.

"मग ह्याच्यावर मोठंच काढू." आणि माझ्या अर्ध्या अंगावर तळं पसरलं. पोरांनी ते वहीत उतरवलं.

त्या आठवड्यात ग्रामसभेच्या टेबलावर तीस वह्या पडल्या. सगळ्यांत एकच निळं तळं. अप्पारावांना रोज दोन तास मोटर चालवून गावाला पाणी द्यावं लागलं.

जूनमध्ये बाईंच्या बदलीची ऑर्डर आली. पाचोडच्या पलीकडची शाळा. बाईंनी मला न पुसताच गुंडाळलं आणि स्कुटीवर पायांपाशी उभं केलं. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. सवत गेली, बाई माझ्या एकट्याच्या झाल्या. पण फाटकाशी फक्त सायली उभी होती. पाण्यासाठी तीस वह्या निघाल्या होत्या. बाईंसाठी एकही निघाली नाही.

म्हणून मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. रेक्झिन फाटतं, काच फुटते. वस्तीवरच्या त्या भिंतीत आज एक खिळा आणि चार भोकं आहेत, बस्स. तुमच्या शाळेत खरं लिहिणारी बाई असेल तर तिला जपा. तिची ऑर्डर येईल त्या दिवशी फाटकाशी या, वह्या घेऊन या.

नव्या शाळेत बाई माझ्या उरलेल्या अर्ध्या अंगावर लिहितात. निळं त्यांनी अजून पुसलेलं नाही.