विषय : विळी सोबत नेण्यास परवानगी मिळणेबाबत

मी विळी बोलतेय. घाबरू नका, पातं मिटलेलं आहे.

साताऱ्याच्या एका लोहाराने मला घडवलं. पोलादी पातं, टोकाला नारळ खवायचे दाते, खाली सागवानी पाट, आणि काम झालं की पातं पाटावर निजवायची सोय. सुचित्रा जपानला निघाली तेव्हा तिच्या आईने मला जुन्या ओढणीत गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातलं. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मी उरायासुच्या एका फ्लॅटमध्ये ओट्याखाली राहते.

इथे सगळे उभ्याने चिरतात. सुचित्राही आठवडाभर सुरीच वापरते. रविवारी मात्र ती मला जमिनीवर मांडते, पायाने पाट दाबते आणि नारळ खवायला बसते. तेवढा अर्धा तास ती इथल्या रीतीची ‘सुचित्रा-सान’, म्हणजे सुचित्राबाई नसते, नुसती सुचित्रा असते. मला तो अर्धा तास पुरतो.

तिचा नवरा चंद्रशेखर सॉफ्टवेअरवाला. सज्जन, पण भित्रा. सिग्नल लाल असला की रिकाम्या रस्त्यावरही उभा राहील. गेल्या वर्षी त्याने इथे कायमचं राहण्यासाठी अर्ज केला होता, आणि निकाल येईपर्यंत त्याने घरात शिंकायचंही सोडलं होतं.

नेमकं तेव्हाच योकोहामाच्या मराठी मंडळातल्या शिरीषने गणपतीसाठी चाळीस नारळ मागवले. दरवर्षी फ्रोझन खोबऱ्यावर भागवायचे, या वेळी मोदक ओल्या नारळाचे करायचे ठरले. आता विळी कुणाकडे? सुचित्रा फोनवर “मी आणते की” म्हणून मोकळी झाली.

चंद्रशेखरने फूटपट्टी आणून मला मोजलं. इथल्या कायद्याने सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पातं सबळ कारणाशिवाय बाहेर नेता येत नाही. मी वीस भरले.

“कुणी बॅग उघडायला लावली तर पोलिसांत नाव जाईल गं,” तो म्हणाला. “दहा वर्षं पाण्यात जातील.”

तो चिडला नव्हता, घाबरला होता. त्यामुळे सुचित्राला भांडताही येईना. पण तिचे वडील जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. अडलं की अर्ज करायचा, हे बाळकडू तिला मिळालेलं. तिने चिबा, टोकियो आणि कानागावा अशा तीन प्रांतांतून मला नेण्यासाठी रीतसर अर्ज लिहिला. प्रयोजन, मोदक. सोबत दोन पासपोर्ट फोटो, इथल्या रहिवासी कार्डाची झेरॉक्स, आणि माझेही दोन फोटो, एक समोरून, एक बाजूने. गुन्हेगाराचे काढतात तसे. मूळ प्रत मराठीत, जपानी भाषांतर ऑफिसातल्या मैत्रिणीकडून तपासून घेतलेलं.

मग तिने अर्ज फाइलमध्ये घातला, मला कापडी पिशवीत घातलं आणि स्टेशनजवळच्या कोबानात, म्हणजे छोट्या पोलीस चौकीत गेली.

तिथल्या मोरिता-साननी अर्ज दोनदा वाचला आणि विळी म्हणजे काय ते विचारलं. सुचित्राने मोठ्या उत्साहाने मला बाहेर काढलं. मोरिता-साननी रिकाम्या पिशवीकडे पाहिलं.

“हे इथपर्यंत कसं आणलंत?”

“पिशवीतून,” सुचित्रा म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं. परवानगी मागायला येताना ती मला परवानगीशिवायच घेऊन आली होती. चंद्रशेखरला जे होऊ नये असं वाटत होतं, ते ती आपल्या पायांनी चालत जाऊन करून बसली होती.

मोरिता-साननी मला घेण्यासाठी हात पुढे केला. एवढ्या भीतीतही सुचित्राची सवय काही सुटली नाही. तिने मला त्यांच्या हातात दिलं नाही. खाली जमिनीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरली.

“आमच्यात विळी हातात देत नाहीत,” ती कशीबशी म्हणाली. “भांडण होतं म्हणतात. खाली ठेवतात, मग दुसऱ्याने उचलायची.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. त्यांचे खांदे जरा सैल झाले. कशी वापरतात ते दाखवा म्हणाले. सुचित्रा तिथेच फरशीवर बसली, पातं उघडून पाट पायाखाली दाबला आणि हातात नसलेला नारळ दात्यांवर फिरवू लागली. मोरिता-सानही गुडघे टेकून खाली बसले आणि बघत राहिले.

“म्हणजे पातं जागचं हलत नाही?”

“नाही. नारळच पात्याकडे येतो.”

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. अशी परवानगी नसतेच, त्यामुळे तिचा फॉर्मही नाही. कारण खरं हवं, आणि वस्तू पटकन काढता येणार नाही अशी बांधलेली हवी. त्यांनी स्वतःच मला पुठ्ठ्यात घालून चारही बाजूंनी टेप लावला. सुचित्राने चाचरत विचारलं, नाव कुठे लिहिलं जाणार का? लिहिण्यासारखं काही घडलेलं नाही, ते म्हणाले, फक्त पुढच्या वेळी आधी फोन करा. अर्जावर शिक्का तेवढा मिळेल का, असंही तिने विचारून पाहिलं. हेडक्लार्कची मुलगी ती. त्यांनी नम्रपणे वाकून नाही म्हटलं.

बाहेरच्या बाकावर बसून ती एकदम हसायला लागली, आणि हसता हसता रडली. पुठ्ठ्याच्या आत मीही सुटकेचा श्वास टाकला.

हे सगळं ऐकल्यावर रविवारी चंद्रशेखरनेच मला योकोहामापर्यंत मांडीवर नेलं, वर तो अर्ज धरून. कुणीही काही विचारलं नाही, याचं त्याला थोडं वाईटच वाटलं असावं. चाळीस नारळ बायकांनी आळीपाळीने खवले. शेवटचे चार त्याने.

कायमच्या मुक्कामाची परवानगी मिळाल्याचं पोस्टकार्ड या वसंतात आलं. ते वाचून त्याने कुणाला फोन केला नाही. ओट्याखालून मला काढलं, जमिनीवर ठेवलं आणि सुचित्राला हाक मारली. तिने मला उचललं.

आता मी ओट्याखाली नसते, खिडकीपाशी असते. कपाटाच्या दाराला आतून तो अर्ज चिकटवलाय, शिक्क्याविना. तुम्ही कधी आलात तर नारळ खवायला जरूर बसा. मला हातात मागू नका, सुचित्रा खाली ठेवेल. आणि काम झालं की पातं तेवढं मिटा.