बाळकाकांच्या मागे

बाळ दामल्यांनी स्पेन डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, पण त्यांच्यासमोर स्पेनबद्दल तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. स्पेनच्या दक्षिणेला आल्पुहारा म्हणून डोंगराळ मुलूख आहे. तो अख्खा मुलूख त्यांच्या बॉथेलच्या घरातल्या डायनिंग टेबलावर वर्षभर पसरलेला होता. नकाशांपुढे जेवायला जागा म्हणून उरली नव्हती. उत्तराकाकू ताट घेऊन सोफ्यावर बसायच्या आणि म्हणायच्या, "अहो, तो डोंगर जरा पलीकडे सरकवा, मला लोणच्याची बरणी ठेवायचीय."

ते सरकवायचे, पण तेवढ्यात ऐकवायचेही. "हे बघ, ओरहिवापासून चढ सुरू. दरी उजव्या हाताला. पाम्पानेइरा गाव सोडलं की फाटा लागतो. डावीकडचा रस्ता वर कापिलेइराला जातो आणि तिथेच संपतो. आपण सरळ जायचं, त्रेवेलेसला. गावं कशी, पांढरीशुभ्र, डोंगराला चिकटलेली. दुपारी दोन ते पाच सगळं कडेकोट बंद."

"म्हणजे पुण्याचीच माणसं."

"तेच म्हणतो मी!"

त्रेवेलेसला घराघरांतून डुकराच्या तंगड्या वाळत टांगलेल्या असतात हे मात्र त्यांनी काकूंना फार उशिरा सांगितलं. काकू म्हणाल्या, मग मी ठेपले बांधून देते, तुम्ही आपले तंगड्यांखाली बसून खा.

येत्या मे महिन्यात महाराष्ट्र मंडळातली सायकलवाली टोळी तिकडे जाणार होती. टोळी म्हणजे सगळी तिशी-चाळिशीतली, सॉफ्टवेअरमध्ये मान मोडून बसणारी मंडळी. त्यांना सायकलवर बसवलं ते बाळकाकांनी. जन्मभर विमानांच्या पंखांची गणितं केली, रिटायर झाले आणि पोरांना चढ कसा चढायचा ते शिकवायला लागले. बॉथेलच्या टेकड्यांवर दर रविवारी फेरी असायची. काका पुढे, बाकी सगळे मागे. असा नियम कुणी केलेला नव्हता. पण सत्तरीच्या माणसाला ओव्हरटेक करून जायचं म्हणजे पंगतीत आजोबांच्या आधी भाताला हात घालण्यासारखं. मागच्यांच्या पायांत कितीही दम असो, काकांच्या पुढे चाक जायचं नाही.

उत्तराकाकू सायकल चालवत नसत. त्या गाडीतून चहाचा थर्मास आणि चिवड्याचा डबा घेऊन ठरलेल्या जागी जाऊन थांबायच्या. पोरं त्यांना सपोर्ट व्हेइकल म्हणायची. काकूंना ते आवडायचं, पण तसं त्या दाखवायच्या नाहीत.

दिवाळीच्या सुमारास पहिल्यांदा काकूंच्या मनात पाल चुकचुकली. रेडमंडहून वाणसामान घेऊन येत होते. गाडी काका चालवत होते. वर्षानुवर्षांचा रस्ता. आपली एक्झिट आली आणि काका तिच्यावरून सरळ पुढे गेले. "बोलण्याच्या नादात," ते हसून म्हणाले. काकूही हसल्या. मग थंडीत एकदा घरापासून हाकेच्या अंतरावरच्या सिग्नलला ते थांबले आणि सिग्नल हिरवा झाला तरी थांबूनच राहिले. कुठे वळायचं ते आठवत नव्हतं, हे त्यांच्या दोन्हीकडे वळणाऱ्या मानेवरून काकूंना कळलं. त्यानंतर काहीबाही निमित्त काढून गाडी त्याच चालवायला लागल्या.

काकू भूलतज्ज्ञ होत्या. उभी हयात ऑपरेशन थिएटरात गेली. वाईट बातमी नातेवाइकांना कशी सांगायची, डोळ्यांत बघून, घोळ न घालता, हे त्यांनी ज्युनियर डॉक्टरांना शिकवलं होतं. आणि घरात? घरात त्यांची वाचाच बसली. त्यांनी मनाशी एक हिशोब करून टाकला: मे होऊन जाऊ दे. स्पेन होऊन जाऊ दे. वर्षभर ज्या रस्त्यांवर जीव टाकला ते एकदा बघून येऊ देत. मग डॉक्टर, मग तपासण्या, मग जे काय असेल ते. इतकी मोठी डॉक्टर, आणि विचार असा शेंबड्या पोरीसारखा! हे त्यांचं त्यांनाही दिसत होतं. तरी दिवस ढकलत होत्या.

एप्रिलच्या एका रविवारी काकू वुडिनव्हिलच्या नदीकाठच्या पार्कात थांबल्या होत्या. भुरभुर पाऊस होता, म्हणजे नेहमीचंच. टोळी टेकडी उतरून, डावीकडे वळून नदीच्या रस्त्याने यायची. बराच वेळ झाला, कुणी दिसेना. चहा निवत चालला. काकूंनी फोन काढला. सगळ्यांची ठिकाणं दाखवणारं ते ॲप टोळीतल्या सौमित्रने त्यांच्या फोनवर टाकून दिलं होतं. उघडलं तर सगळे ठिपके भलतीकडेच. डावीकडे वळायच्या जागी उजवीकडे वळून हायवेच्या दिशेने निघाले होते, ट्रकच्या रस्त्याने. पुढे एक ठिपका आणि त्याच्यामागे ओळीने बाकीचे. एकही ठिपका थांबलेला नाही, एकही परत फिरलेला नाही.

काकूंनी सौमित्रला फोन लावला. सौमित्र टोळीतला सगळ्यात जबाबदार, दोन पोरांचा बाप. कानातल्या यंत्रावर बोलत होता, धापा टाकत.

"सौमित्र, अरे कुठे निघालात तुम्ही?"

"काकू, आम्ही जरा... लांबून येतोय."

"तो रस्ता इकडे येतच नाही."

आवाज खाली आणून तो म्हणाला, "माहितीये काकू. पुढे कुठेतरी काका स्वतःच वळतील. मागच्या महिन्यातही दोनदा वळले होते."

"मागच्या महिन्यात?"

"काकांना कसं सांगणार यार... सॉरी, काकू. म्हणजे, आपण कोण सांगणारे? वाईट वाटेल त्यांना."

काकूंनी फोन ठेवला. या पोरांना माहीत होतं. महिनाभर तरी माहीत होतं, आणि सगळी गुमान चुकीच्या रस्त्याने त्यांच्या मागे जात होती. प्रेमाने जात होती, त्यात शंका नाही. आणि हीच वरात मे महिन्यात आल्पुहाराच्या उतारांवर निघणार होती, जिथे एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला नुसती हवा. काका चुकीचं वळण घेणार आणि मागची सगळी, लेकुरवाळी माणसं, आदराने त्यांच्यामागे दरीकडे वळणार. स्पेन होऊन जाऊ दे म्हणे! काकूंनी स्वतःलाच एक शिवी हासडली आणि गाडी सुरू केली.

गाठलं तेव्हा टोळी रस्त्याच्या कडेला उभी होती. सायकली हातात धरून, माना खाली. ट्रक अंगावर पाणी उडवत जात होते. काका सगळ्यांच्या पुढे, पाठ करून उभे. आणि मध्ये अनिका, हेल्मेट हातात, चेहरा लालबुंद. अनिका म्हणजे मंडळातल्या एका जुन्या मित्राची मुलगी, इथेच जन्मलेली, फायर ब्रिगेडमध्ये नुकतीच लागलेली. टोळीत येऊन तिला तीनच रविवार झाले होते.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"शी शाउटेड ॲट हिम," कुणीतरी पुटपुटलं.

"हो, ओरडले," अनिका मोडक्या मराठीत म्हणाली. "मी ओरडले, काका, स्टॉप, राँग वे! ट्रक येत होता, काकू. सगळ्यांना माहीत होतं राँग वे आहे. नोबडी सेड एनिथिंग! आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगतात, पुढचा चुकला तर ओरड. चीफ असला तरी ओरड."

"अनिका, इनफ," सौमित्र दटावून म्हणाला, आणि मग काकूंकडे वळून एकदम हसऱ्या आवाजात, "काही नाही हो काकू. काकांनी आज मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. एक्स्ट्रा प्रॅक्टिस!"

दोघाचौघांनी लगेच माना डोलावल्या. हो हो, प्रॅक्टिस. स्पेनमध्ये लागेलच ना.

काका वळले. त्यांनी सौमित्रकडे पाहिलं नाही, अनिकाकडेही नाही. काकूंकडे पाहिलं.

"उत्तरा," ते म्हणाले, "मी मुद्दाम घेतला का गं हा रस्ता?"

उत्तर तयार होतं. गेले कित्येक महिने असली उत्तरं काकूंच्या ओठांवरच असायची: असं काय करता, होतं कधीकधी, माझंही होतं. सगळी टोळी त्यांच्याकडे आशेने बघत होती. एक शब्द टाकला असता तर सगळे हसले असते, चहा प्याले असते आणि घरी गेले असते.

"नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही चुकलात. आणि ही पहिली वेळ नाही."

सौमित्रने डोळेच मिटून घेतले. बाळकाकांनी सावकाश मान हलवली, सायकल काकूंच्या गाडीपाशी आणली आणि मागच्या रॅकवर चढवायला लागले. अनिका मदतीला धावली. तिला वाटत होतं आता काका आपल्याला झापणार. काकांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि गाडीत जाऊन बसले.

काकूंनी वायपर लावले आणि गाडी घराकडे वळवली.

"कधीपासून माहितीये तुला?" काकांनी विचारलं.

"दिवाळीपासून."

"मला त्याच्या आधीपासून." ते समोर बघत होते. "तुला काय वाटलं, मी टेबलावर हौसेने बसायचो? पहिले दोन महिने बसलो हौसेने. नंतर भीतीने बसत होतो. म्हटलं, तिथला एकेक फाटा पाठ करून टाकू, म्हणजे तिथे तरी कुणाला कळणार नाही. झोपेतून उठवून विचार, सगळी वळणं सांगतो. आणि आज इथे, माझ्या रोजच्या नाक्यावर..."

काकूंना भडभडून आलं. गाडी कडेला घ्यावी लागली. रडता रडता त्या चिडल्याही. "मग बोलला का नाहीत? मी डॉक्टर आहे ना घरात? कशाला ठेवलीये मला?"

"तू तरी कुठे बोललीस?"

काकूंनी नाक पुसलं. मग काकांचा हात हातात घेतला. दोघंही एकाच घरात, एकमेकांना जपत, एकेकटे घाबरत बसले होते. केवढा हा मूर्खपणा, त्यांच्या मनात आलं, आणि केवढा वेळ गेला त्यात.

"म्हणजे आता स्पेन गेलं," काका म्हणाले.

"उद्या सकाळी डॉक्टरांना फोन. तपासण्या. स्पेनचं त्यानंतर बोलायचं, आत्ता काही कबूल करणार नाही मी. आणि जायचं ठरलंच तर ती पोर पुढे. तुम्ही तिच्या मागे. मी गाडी घेऊन सगळ्यांच्या मागे."

"अनिका पुढे?" काका हसल्यासारखे झाले. "तिला चढावर गिअर कुठला टाकायचा ते कळत नाही अजून."

"ते तुम्ही शिकवा तिला मागून. ओरडून."

काकूंनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. पाऊस थांबला नव्हता. घराच्या अलीकडचा चौक आला आणि सिग्नल लाल झाला. काका सवयीने म्हणाले, "सरळ घे."

गेले दोन-तीन महिने काकू ते सांगतील तिकडे गाडी नेत होत्या. सरळ म्हणाले की सरळ. मग पुढे कुठेतरी, पेट्रोल भरायचं निमित्त करून, नाहीतर भाजी राहिली म्हणून, गुपचूप वळवून घरी आणत होत्या. पोरांना आपण नावं ठेवत बसलो, त्यांना वाटलं, पण यांच्यामागच्या ओळीतला पहिला ठिपका तर आपलाच होता.

सिग्नल हिरवा झाला.

"नाही," काकू म्हणाल्या. "सरळ नाही. डावीकडे."

काकांनी मान वळवून डावीकडचा रस्ता नीट बघून घेतला.

"बरं," ते म्हणाले. "आता असंच सांगत जा."