पाण्याच्या टँकरचा तापलेला रेडिएटर

मी एक जुना रेडिएटर आहे, मित्रांनो, आणि तुमच्याकडून मला फारशी अपेक्षा नाही. गाडी धुताना तुम्ही काचा पुसता, दिवे पुसता, आरशात स्वतःचं तोंड बघता. समोरच्या माझ्या जाळीत मेलेले किडे आणि चिखल भरलेला असतो, तो मात्र कुणाला दिसत नाही. असो. ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. तांब्याच्या बारीक नळ्या, त्यांवर पातळ पत्रे, वर झाकण. मला बसवलं पाण्याच्या टँकरवर. डिझेल इंजिन तापायचं, त्याची धग माझ्याकडे यायची आणि मी ती वाऱ्यावर सोडून द्यायचो. पहिला ड्रायव्हर शहाणा होता. इंजिन गार असतानाच झाकण उघडायचा, इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट बघायचा, होजपाइप दाबून पाहायचा आणि शेजारी उभ्या बायकोला सगळं समजावून सांगायचा. माझं तोंडभरून कौतुक करायचा. सगळ्या माणसांत मला आवडला तो हा एकच, आणि नेमका तोच आजारपणात गेला.

मग टँकर बायको चालवू लागली. चालवायची मात्र झोकात! देखभाल मोठ्या दिरांनी स्वतःकडे घेतली. सगळे त्यांना दादा म्हणत. दादांना इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आव असा, की इंजिनाचा शोध यांच्याच घरात लागला.

"मागे टँकरभर पाणी असताना रंगीत पाणी विकत आणायचं? वेडी का खुळी तू?" असं म्हणून त्यांनी टँकरच्या तोटीखाली बादली लावली.

बांधकामावर जाणारं बोअरचं खारं पाणी ते! भांड्यावर पांढरा थर धरतो, तसा माझ्या नळ्यांत धरला. इंजिन तापू लागलं. तेव्हा दादांनी थर्मोस्टॅटच काढून फेकला. इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत पाणी अडवायचं आणि मग माझ्याकडे सोडायचं, हे त्या बिचाऱ्या झडपेचं काम. "पाणी अडवते काय? हीच ती चोर!" म्हणाले. मी गळू लागलो, तर माझ्यात मिरपूड ओतली. भोक बुजतं म्हणे! मी काय पातेलं आहे?

आणि ती? तिला सगळं ठाऊक होतं. पण मोठ्या दिरांना उलट कसं बोलायचं, म्हणून तोंडात मिठाची गुळणी धरून शेजारी उभी राहायची. इंजिन बसलं की टँकर भंगारात आणि हिने घरी बसायचं, हे दादांनी आधीच जाहीर केलेलं. गाडी हा हिचा जीव. तरी गप्प! दादांचा मला निदान राग यायचा. हिची तर कीवही येईना.

एके दिवशी भरल्या टँकरने चढ चढताना तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. शेजारी दादा बसले होते.

"चालव गं, काटाच खोटा आहे."

तिने गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. दादा फडकं घेऊन उतरले आणि थेट माझ्या झाकणाला हात घातला. आत उकळतं पाणी कोंडलेलं. मी म्हटलं, उघड बाबा, भाजून घे एकदाचं!

तिने त्यांचं मनगट धरलं. जी या माणसासमोर कधी मोठ्याने शिंकलीसुद्धा नव्हती, तिने.

"दादा, हात काढा! तोंड भाजेल."

"तू मला शिकवणार?"

"हो. तुमच्या भावानेच शिकवलंय मला. आजपासून या इंजिनाला तुम्ही हात लावायचा नाही. आणि मी घरी बसणार नाही."

दादा कडेच्या दगडावर फुगून बसले.

गॅरेजमध्ये मिस्त्रीने मला उघडलं. आत पांढऱ्या खपल्या आणि मिरपुडीचा गाळ. "इंजिन वाचलं, ताई," तो म्हणाला. "आणखी रेटलं असतं तर इंजिनाचं हेड तडकलं असतं. हा मात्र संपला."

तिने नवा रेडिएटर, नवा थर्मोस्टॅट, कूलंट, सगळं स्वतः उभं राहून घालून घेतलं. मग माझ्या जाळीवर हात ठेवून म्हणाली, "वर्षभर आधी बोलले असते, तर हाही वाचला असता." आणि रडली. रडून माझ्या नळ्या मोकळ्या होणार होत्या थोड्याच!

आता मी गॅरेजमागच्या भंगारात आहे. ती टँकर चालवते आहे, आणि खरं सांगतो, मला त्याचा आनंद होतो. तेव्हा मित्रांनो, झाकण इंजिन गार असताना उघडा, आत कूलंटच घाला, जाळी धुवा. आणि कुणी चुकीचं करताना दिसलं, मग तो घरातला कितीही मोठा असो, तर तिथल्या तिथे बोला. एवढंही जमणार नसेल, तर पायी चाला.